मला म्हातारी व्हायचं होतं

चाळिशी उलटली की बायका आरशात पांढरा केस शोधतात तो उपटून टाकायला. मीही पाच-सहा वर्षं रोज सकाळी शोधत होते, पण सापडला की जावेला हाक मारून दाखवत होते. बघणाऱ्याला वाटेल, बाईला वेड लागलं. वेड लागलं नव्हतं. मला लवकरात लवकर म्हातारी व्हायचं होतं, कारण म्हातारी झाले तरच मी वाचणार होते. हे मी मनाने ठरवलेलं नव्हतं, नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तसं तोंडावर सांगितलं होतं.

लाखनीहून कोसभर आत आमचं गाव. मी गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आणि आमचे हे धानाचे शेतकरी. एका अंगणात दोन चुली, एक आमची, एक मोठ्या जावेची. जाऊ माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, विधवा, तोंडाने फटकळ. तिने मला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नाही, कायम ‘मास्तरीण’. मीही काही कमी नव्हते, राग माझ्या नाकावरच बसलेला असायचा. हे मात्र आमच्या दोघींच्या मध्ये राहून मुके झाले होते की मुळातच तसे होते, कोण जाणे. बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. दिवसाला आठ-दहा वाक्यं, त्यातली चार बैलांशी.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी माझी गर्भाची पिशवी काढली. मी तेव्हा चौतिशीची. पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबायची नाही, फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी यायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पोट तपासलं आणि म्हणाले, पिशवीत गाठी आहेत, साध्या आहेत, वाईट काही नाही. दोन लेकरं झालीत, पिशवी काढून टाकू, विषय संपला. काढली. त्या काळी काढलेली वस्तू घरच्या माणसाला दाखवायची पद्धत होती, पुढे कुणी म्हणू नये की नुसतंच पोट चिरून शिवलं. यांना आत बोलावून ट्रे समोर धरला. पाच-सहा गाठी, पांढरट, टणक, बटाट्यांएवढ्या. हे भिंत धरून बाहेर आले. पुढे वर्षभर आमच्या घरी बटाट्याची भाजी शिजली नाही. मी नाव काढलं की म्हणायचे, “वांगे कर न.”

त्यानंतर सात-आठ वर्षं मी घोड्यासारखी धावले. शाळा, शेत, पोरांच्या परीक्षा, जावेशी रोजचं भांडण, सगळं जोरात. मग एका हिवाळ्यात, धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत, खोकला लागला. कोरडा, ढास लागल्यासारखा. खळ्यावरची धूळ आणि शाळेतला खडू, त्याचंच असेल म्हणून मी दोन महिने काढले. शेवटी पहिलीतली एक चिमुरडी मला म्हणाली, “बाई, तुमी खोकलता तं आमची कविता चुकते.” तेव्हा मी भंडाऱ्याला जाऊन छातीचा फोटो काढून आणला.

फोटोत दोन्ही फुप्फुसांवर गोल गोल पांढरे ठिपके होते. मी ते उजेडाला धरून पाहिले आणि मला कौतुकच वाटलं, किती गोल! साबुदाण्यापासून बोराएवढे. डॉक्टरांना कौतुक वाटलं नाही. आमच्या भागात छातीत काही दिसलं की पहिलं नाव टीबीचं, आणि ते डॉक्टरही त्याला अपवाद नव्हते. कंपाउंडर सायकलवर रोज गावात यायचा आणि मला सुई टोचून जायचा. नव्वद सुया. मला खाली बसता येईना. हेडमास्तरांनी रजेवर पाठवलं. जावेने माझं ताट, वाटी, लोटा सगळं वेगळं काढलं आणि ताटाच्या कडेला खिळ्याने फुली मारली.

“फुली काहून मारली?” मी विचारलं.

“तुझं ताट दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून.”

“ताई, मी मेली नाही अजून.”

“मेली असती तं फुली कायले लागली असती?” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. तिचं बोलणं असंच. पण रोज सकाळी माझ्यापुढे दुधाचा पेला तीच आणून आपटायची, हेही सांगितलं पाहिजे.

नव्वद सुया संपल्या, दुसरा फोटो काढला. ठिपके होते तिथेच, होते तेवढेच. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून पाहिले. मग मला बाहेर बसायला सांगून यांना आत बोलावलं. बाईला बाहेर बसवून नवऱ्याला आत बोलावलं की काय समजायचं ते मला समजलं. हे बाहेर आले आणि म्हणाले, “नागपूरले दाखवू म्हणते.” एवढंच. एस.टी.त मी खिडकीला बसले होते आणि हे माझ्याकडे न पाहता समोरच्या बाकाच्या दांडीकडे पाहत होते. लाखनी येईपर्यंत त्यांनी ती दांडी सोडली नाही.

त्या बिमारीचं नाव गावात कुणी घेत नसे. ‘ती बिमारी’ म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली. पण आवाज खाली करूनही तिसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं होतं, आणि भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. काय सांगू त्या दिवसांची मजा! होय, मजाच. दिवसा मजा, आणि एकटी असले की रडू, असं ते चाललं होतं. शेजारणीने चार वर्षांपूर्वी लग्नाला म्हणून नेलेला माझा पाण्याचा पितळी गुंड घासूनपुसून परत आणला. कुणी तळ्यातली ताजी मासोळी आणली, कुणी अनारसे. आणि समोरच्या आळीतली ती बाई, जिच्याशी माझं कोंबड्यांवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं, ती आली, माझे दोन्ही हात धरले, ढसाढसा रडली आणि म्हणाली, “माझंच चुकलं होतं बाई, कोंबडे माझेच होते.” मी तिला माफ केलं. मरायला टेकलेल्या माणसाला माफ न करायची सोय नसते. पुढे मी जगले तेव्हा या बाईची मोठी पंचाईत झाली. वर्षभराने तिने सगळ्या आळीत सांगितलं की कोंबडे तिचे नव्हतेच, बिमार बाईचं मन राखायला ती तसं बोलली होती. आमचं बोलणं पुन्हा बंद झालं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

नागपूरची तारीख ठरली. डॉक्टर छाती उघडून एका गाठीचा तुकडा काढून तपासणार होते. यांनी माझ्या माहेरी निरोप धाडला. माझं माहेर बपेरा, पार मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून. तिथून आमच्या गावी यायचं म्हणजे दोन एस.टी. बदलून अख्खा दिवस जायचा. थोरला भाऊ तिसऱ्याच दिवशी आला. हातात मोठी पिशवी, पिशवीत चिवडा, मोहाचे लाडू, आईने दिलेला अंगारा. भाऊ अंगणात पाय धूत होता आणि मी पिशवी रिकामी करत होते. तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. उघडलं तर हिरवी साडी.

आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिला शेवटची साडी माहेरची नेसवतात. हिरवी. माहेरची माणसं बातमी कळली की साडी घेऊनच निघतात. मी ती घडी हातात धरून उभी राहिले. मग दुसऱ्याच क्षणी डोकं असं तापलं की बस.

“भाऊ,” मी ओसरीतूनच ओरडले, “ही साडी कायची?”

भाऊ हातात तांब्या घेऊन तसाच थिजला. भाऊ माझा स्वभावाने गरीब, खोटं बोलायचं म्हटलं तर घाम फुटणारा. म्हणाला, “काही नाही व बाई. आनली अशीच. तुले नेसाले.”

“कधी नेसाले?”

आता तो खरंच अडकला. आणि मग त्याने सगळं खरं सांगून टाकलं, आणि त्याचं म्हणणं त्याच्या परीने इतकं हिशेबी होतं की बोलायची सोय नव्हती. नागपूरला काही झालं तर बातमी बपेऱ्याला पोचायला एक दिवस, तिथून निघून पोचायला एक दिवस. तेवढ्यात सगळं आटोपलं असतं आणि माहेरची साडी नाही म्हणून बहिणीची माती उसनवारीच्या साडीत झाली असती. म्हणून तो आधीच घेऊन आला होता. “वेळेवर धावपळ कायले,” तो म्हणाला. रडतच म्हणाला, बिचारा.

मी साडीची घडी मोडून पदर पाहिला. सुती, पातळ, काठ असे की एका धुण्यात रंग सोडतील. आता माझा तोल गेला.

“एकुलती एक बहीण तुझी, तिची शेवटची साडी, अन् हे असं पोतेरं आनलं?”

“अवं,” भाऊ म्हणाला, “शेवटी जाळाचीच तं...” आणि जीभ चावून गप्प झाला.

जाऊ चुलीपाशी, हे गोठ्याच्या दारात, भाऊ तांब्या धरून. आणि मला हसू आलं. असं हसू आलं की ढास लागली, ढास लागली तरी हसू थांबेना, मी खांबाला धरून खाली बसले. जाऊ पदर तोंडात कोंबून हसत होती. भाऊ रडता रडता हसायला लागला. फक्त हे हसले नाहीत. ते गोठ्यात आत निघून गेले, आणि बऱ्याच वेळाने बैलांशी काहीतरी बोलल्याचा आवाज आला.

मी भावाला जेवू घातलं आणि सांगितलं, ही परत कर. मला भंडाऱ्याची कोशाची रेशमी साडी पाहिजे, काठ रुंद पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो भंडाऱ्याला गेला आणि संध्याकाळी कोशाची साडी घेऊन आला, मधाच्या रंगाची, लाल काठाची. हिरवी नाही मिळाली म्हणत होता, पण मला वाटतं त्याने मुद्दामच हिरवी आणली नाही. तीच नेसून मी नागपूरच्या दवाखान्यात दाखल झाले. वॉर्डातली नर्स म्हणाली, “काय सुंदर साडी हो! लग्नाला निघालात का?” मी म्हटलं, “नाही, ही माझी शेवटची साडी आहे. पण या बोलीवर घेतली, की नेसायची जिवंतपणीच.” तिला काही कळलं नाही. दुपारपर्यंत तिने चार जणींना आणून मला दाखवलं.

छाती उघडायचं काम सोपं नव्हतं. भूल उतरताना माझा श्वास अडकला, मला पुन्हा माघारी आणायला डॉक्टरांना बरीच खटपट करावी लागली, हे मला नंतर समजलं. तुकडा तपासायला गेला. उत्तर यायला पंधरवडा लागला. त्या पंधरवड्यात मी देवाशी जेवढी भांडले तेवढी जावेशी आयुष्यात भांडले नसेन. मोठी मुलगी अकरावीत, धाकटा सातवीत. म्हटलं, पोरांना आईची सवय लावलीस आणि आता आई नेतोस? काही रीत आहे का? मला मरायचं नव्हतं. याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही, मला मरायचं नव्हतं.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, हातात कागद. बसल्या म्हणून मी घाबरले, कारण चांगली बातमी डॉक्टर उभ्याउभ्याच सांगतात असा माझा समज होता. त्या म्हणाल्या, “तुमची पिशवी का काढली होती?”

मी सांगितलं.

“त्याच गाठी आहेत या.”

“पण पिशवी तर काढली!”

“पिशवी काढली. पण त्याच्या आधीच गाठींचे बारीक कण रक्तातून निघून फुप्फुसात जाऊन बसले असणार. तिथे हळूहळू मोठे झाले. फार क्वचित होतं असं, मी स्वतः दुसऱ्यांदाच पाहते आहे. हा कॅन्सर नाही. गाठी साध्याच आहेत, फक्त नको त्या जागी आहेत.”

पोटातली गाठ छातीत? जीवशास्त्राचा धडा मी दरवर्षी पाचवीला शिकवत होते, त्यात असं काही नव्हतं. आणि तेव्हा माझ्या उशाशी उभे असलेले हे बोलले. त्या महिन्यातलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य असेल.

“म्हंजे पऱ्हे तिथं टाकले होते, अन् रोवणी इथं झाली.”

डॉक्टरीणबाई शहरातल्या. त्यांना काही उमगलं नाही. मी समजावलं की आमच्याकडे धान आधी एका जागी दाट पेरतात, त्या रोपांना पऱ्हे म्हणतात; ती उपटून मग दुसऱ्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, लावतात, ती रोवणी. बाईंनी चष्मा काढला आणि यांच्याकडे नीट पाहिलं. “अगदी तसंच झालंय,” त्या म्हणाल्या. “आता मला सांगा, बांधीचं पाणी तोडलं तर काय होतं?”

“धान वाळते,” हे म्हणाले.

“मग ऐका. पिशवी काढली तेव्हा तुमचं वय लहान होतं म्हणून बाजूचे दोन बीजकोश तसेच ठेवले होते. त्यांच्यातून जो रस रक्तात येतो त्याच्यावर या गाठी जगतात. वय झालं की तो रस आपोआप आटतो. रस आटला की गाठी वाळतात. ते बीजकोश आत्ताच काढून टाकले तर काम लवकर होईल. पण तुम्हाला भूल सोसत नाही, हे आम्ही पाहिलंय. म्हणून मी म्हणते, थांबू. दर सहा महिन्यांनी फोटो काढू. गाठी संथ आहेत. त्या जास्त वाढायच्या आत तुम्ही म्हातारी झालात, तर सुटलात. त्या आधी वाढल्या तर मग भुलीची जोखीम घ्यावीच लागेल.”

मी एक्केचाळीस वर्षांची होते. विचारलं, “म्हातारी कधी होते बाई?” त्या हसल्या. म्हणाल्या, “तुम्हाला पाळी नाही, त्यामुळे पाळी गेल्याची खूण कळायची नाही. पण एक दिवस अंगातून गरम वाफा निघतील, घाम फुटेल, बायका त्याला फार कंटाळतात. तुम्ही मात्र पेढे वाटा.”

गावात परत आले तर कुणाचा विश्वास बसेना. पिशवीतल्या गाठी छातीत गेल्या म्हटल्यावर बायका आधी गप्प, मग एकमेकींकडे पाहणं, मग पदराआड हसणं. गावची सुईण म्हणाली, “बाप्पा! मंग आता लेकरू बी तिथंच राहाचं काय वं?” हेडमास्तरांनी दाखला मागितला. दाखल्यावरचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की त्यांनी दोनदा वाचायचा प्रयत्न केला, रुमालाने कपाळ पुसलं आणि मला वर्गावर जाऊ दिलं. जावेने फुली मारलेलं ताट काही बदललं नाही. म्हणाली, “राहू दे. आता ओळखू येते तुझं.”

आणि माझी वाट पाहणं सुरू झालं. दर सहा महिन्यांनी नागपूर. फोटोचं ते मोठं तपकिरी पाकीट हे सायकलच्या कॅरिअरला दोन फळ्यांच्या मध्ये बांधायचे, वाकू नये म्हणून, आणि लाखनीच्या स्टँडवर सायकल ठेवून पाकीट छातीशी धरून गाडीत बसायचे. घरी आलो की अंगणात नवा-जुना फोटो उन्हाला धरून पाहत राहायचे. मी चिडवायची, “काय दिसते त्याच्यात तुमाले? पीकपाणी?” दोन्ही फोटो पुन्हा पाकिटात घालायचे, हळूच, काचेचे असल्यासारखे.

मी आपली म्हातारपणाच्या मागे हात धुऊन लागले. गावातल्या म्हाताऱ्यांना गाठून विचारायची, तुम्हाला कधी झालं, कसं झालं, आधी काय झालं. एकीने सांगितलं तिला पंचेचाळिसाव्या वर्षी झालं, तर दुसरीने सांगितलं तिला अजून वाटत नाही ती म्हातारी आहे, आणि ती सत्तरीची होती. गुडघा दुखला की मला आनंद व्हायचा. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा तर मी जावेला गुळाचा खडा दिला. ती म्हणायची, “ज्याच्या त्याच्या नशिबात येते ते तुलेच मांगून घ्या लागते. काय बाई जमाना!” हसत होतो आम्ही. पण फोटोच्या आदल्या दिवशी घरात कुणाच्याच घशाखाली घास उतरायचा नाही.

पाच वर्षं ठिपके जागचे हलले नाहीत. सहाव्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या फोटोत ते वाढले. डॉक्टरीणबाई या वेळी खुर्चीवर बसल्या नाहीत, खिडकीपाशी उभ्या राहून फोटो पाहत राहिल्या. मला चढण चढताना धाप लागत होती, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं, यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, “उन्हाळ्याच्या आत आणखी एक फोटो काढू. तोही असाच आला, तर ऑपरेशन करायचं. मग मी तुमचं ऐकणार नाही.” मी यांच्याकडे पाहिलं. ते पाकिटाची दोरी बांधत होते, आणि ती गाठ त्यांना काही जमत नव्हती.

तो हिवाळा मी कसा काढला ते मलाच माहीत. मी चेष्टा करायची सोडून दिली होती, म्हणजे बघा. धानाची कापणी झाली, भाऱ्यांच्या उंच राशी, पुंजणे, रचले गेले. आणि पौषातल्या एका रविवारी, हात बाहेर काढवत नाही अशा थंडीत, सकाळी मी आणि जाऊ अंगणात शेकोटीपाशी बसून लाखोळीची भाजी निवडत होतो. माझ्या छातीच्या मधोमध काहीतरी भडकलं. वाटलं, शेकोटी फार पेटली. मी मागे सरकले. पण ती आच माझ्या आतूनच वर चढत होती, गळ्याला, कानांना, कपाळाला. मी शाल फेकली, स्वेटर काढला. जाऊ पाहतच राहिली.

“अवं मास्तरीण, तुले घाम येऊन राहिला!”

मी कपाळाला हात लावला. हात ओला. मला वाटलं, ताप. नको ते मनात आलं. पण जाऊ उठली, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून माझा लाल झालेला चेहरा पाहिला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या बाईच्या डोळ्यांत मी पाणी कधी पाहिलं नव्हतं.

“हे तं मले बी होत होतं,” ती म्हणाली. “अशीच. भर थंडीत विहिरीवर जाऊन मी तोंड धूत होती. जा, सांग त्याले. बसली काय?”

उन्हाळ्याआधीच्या फोटोत ठिपके आकसलेले निघाले, पुढच्या वर्षी त्यातले काही दिसेनासे झाले, ते सगळं पुढचं. मला त्या सकाळीच सगळं समजलं होतं. मी चप्पल न घालता निघाले. शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने पळत, धाप लागली तरी पळत. खळ्यावर बैल फिरत होते, आठ-दहा बायामाणसं कामाला होती आणि हे पुंजण्यावर उभे राहून खाली भारे टाकत होते.

“अहो!” मी खालून ओरडले. “मी म्हातारी झाली!”

सगळं काम थांबलं. बैल हाकणारा माझ्याकडे पाहत राहिला. एक म्हातारी मजुरीण म्हणाली, “मास्तरीणबाई, हे तं आमाले कधीचंच दिसून राहिलं,” आणि सगळे खो खो हसले. हे हसले नाहीत. हातातला भारा त्यांनी सोडून दिला आणि पुंजण्यावरून घसरतच खाली आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. चार माणसांत या माणसाने माझ्या बोटाला कधी बोट लावलं नव्हतं. त्यांनी माझ्या कपाळावर अख्खा तळहात ठेवला. मग तो ओला तळहात डोळ्यांसमोर धरून पाहिला. आणि तिथेच धानाच्या तणसावर, पेंढ्यावर बसून ते मोठ्याने रडायला लागले, लहान पोरासारखे, हुंदके देऊन. हसणाऱ्या बाया गप्प झाल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं.

मी घाबरले. सवयीने रागावलेच. “अहो, लोक पाहून राहिले! रडता कायले?”

“तुले म्हातारी झालेली पाहाचं होतं मले,” ते म्हणाले. “बस. बाकी देवाजवळ काहीच मांगितलं नव्हतं मी.”

मी त्यांच्या शेजारी तणसावर बसले आणि सगळ्या मजुरांसमोर रडले.